गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर

भाचीला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, त्या संध्याकाळी तासगावहून दाजींचा फोन आला. वसतिगृह, खानावळ, फीचे हप्ते ही सगळी बोलणी झाल्यावर ते मूळ मुद्द्यावर आले. "बेदाण्याचे पैसे आलेत. त्यातले लाखभर पोरीच्या कॉम्प्युटरला काढून ठेवलेत. लॅपटॉप घ्यायचा का टेबलावरचा मोठा, तेवढं तू सांग. तुझ्या शब्दाबाहेर आम्ही नाही."

मी स्वतः आर्किटेक्ट आहे आणि आठवड्यातले दोन दिवस पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवायलाही जाते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. दर वर्षी प्रवेश आटोपले की पालक हेच विचारतात, आणि आजवर मी त्यांना चार आकडे सांगून मोकळी होत असे: रॅम एवढी, डिस्क एवढी, कार्ड अमुक. दाजींना मात्र मला तसे उत्तर देता येईना. बेदाण्याचा लाख रुपया कसा उभा राहतो ते मी ताईच्या घरी राहून पाहिलेले आहे. घड उतरवायचे, द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, सुकेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस आभाळाकडे डोळे लावून बसायचे, मग झाडणी, प्रतवारी, शीतगृह आणि शेवटी सौदा. मधेच एखादी अवकाळी सर आली की माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. त्या पैशातून काय आणायचे हे कुणी आपल्या एका शब्दावर सोपवत असेल, तर तो शब्द नीट विचार करूनच द्यायला हवा, असे मला वाटले. मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मला सारखी आठवत राहिली ती मिरज-कोल्हापूर पॅसेंजर.

मी २००४ ते २००९ या काळात कोल्हापुरात आर्किटेक्चर शिकले. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर बाबांनी मला सांगलीच्या एका दुकानातून असेंबल्ड डेस्कटॉप घेऊन दिला. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि १७ इंची, मागे भलेमोठे पोट असलेला मॉनिटर. सगळे मिळून ३२ हजार रुपये झाले. बाबा पोस्टात होते. पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी ते पैसे भरले. मॉनिटरला दुकानदाराने खोके दिले होते, पण बाबांचा त्या खोक्यावर भरवसा नव्हता. त्यांनी आईची जुनी गोधडी मॉनिटरभोवती गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत ते गाठोडे मांडीवर घेऊन बसले. जयसिंगपूर गेले, हातकणंगले गेले, रुकडी गेली. बाबांनी पाय हलवला नाही. कोल्हापूरला उतरताना त्यांच्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की फलाटावर पाच मिनिटे ते नुसते उभे राहिले, पण मॉनिटर त्यांनी हमालाच्या हाती दिला नाही.

राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत तो डेस्कटॉप बसला आणि खोलीचे रूपच पालटले. आधी तिथे तीन कॉट आणि तीन पेट्या होत्या. आता एक टेबल आले आणि त्या टेबलाभोवती आमचे सगळे आयुष्य फिरू लागले. वर्गातल्या ज्या मुलींकडे कॉम्प्युटर नव्हता त्या रात्री जेवून यायच्या. एक जण माउस धरायची, बाकीच्या मागे उभ्या राहून बोलत असायच्या: जिना इकडे घे, ही भिंत कापून बघ, उत्तरेकडून उजेड येईल का? माझ्या शिक्षणाचा मोठा भाग त्या टेबलापाशी, पाठीमागे उभ्या राहिलेल्या मुलींच्या बोलण्यातून झाला. रात्री रेंडर, म्हणजे मॉडेलवरून उजेड-सावलीसकट खरे वाटणारे चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेण्याचे काम, लावून आम्ही झोपायचो. झोपायचो म्हणजे पंख्याचा आवाज बदलला की कुणीतरी एक जण उठून पाहायचीच.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागे. नवा होता तेव्हा तो दहा मिनिटे तग धरत असे. वर्षभरात त्या दहाची चार मिनिटे झाली. डाव्या हाताची बोटे कंट्रोल-एसवर आपोआप जाण्याची सवय मला तेव्हा लागली आणि अजूनही सुटलेली नाही. तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा तासांचे एक रेंडर नऊ तास पूर्ण झाल्यावर वीज गेल्याने वाया गेले. शेवटी ते दृश्य मी पहाटे जलरंगात काढले आणि शीटवर चिकटवले.

तरीही त्या डेस्कटॉपबद्दल माझ्या मनात आजही जे प्रेम आहे ते एका वेगळ्याच कारणाने. तो मला उघडता येत असे. कॅबिनेटच्या बाजूचे दोन स्क्रू काढले की आतले सगळे समोर दिसायचे. रॅमची दुसरी पट्टी मी स्वतः बसवली; दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या 'टक्' करून मिटल्या तेव्हाचा आनंद मी विसरलेले नाही. पुढे एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जळला, तो बदलला. चित्रे झरझर काढून देणारे ग्राफिक्स कार्ड घातले. हार्ड डिस्क आवाज करू लागली तेव्हा दुसरी जोडली. आमच्याकडे कौलारू घरांची शाकारणी दर वर्षी मृगाआधी होते. फुटकी कौले तेवढी बदलायची, वासा कुजला असेल तर तेवढा काढायचा, घर तेच राहते. माझा डेस्कटॉप २०१२ पर्यंत असाच चालला, आणि शेवटी त्याच्यात मूळचे असे फक्त कॅबिनेट उरले होते. एका वेळी दोन-तीन हजारांच्या वर खर्च मला कधी करावा लागला नाही. पोस्टातल्या पगारावर चालणाऱ्या घराला हे केवढे सोयीचे होते ते सांगायला नको.

इथपर्यंत आठवल्यावर दाजींना फोन करून 'मोठाच घ्या' असे सांगावे, असे मला वाटून गेले. पण मग तिसऱ्या वर्षाची ती ज्युरी, म्हणजे आपले काम शिक्षकांपुढे मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची परीक्षा, आठवली.

पन्हाळ्याच्या उतारावर एक छोटे निवासी शिबिर रचायचे, असा विषय होता. मी चौकाभोवती चार पायऱ्यांवर खोल्या उतरवत नेल्या होत्या. सर शीटसमोर उभे राहिले, चौकावर बोट ठेवले आणि म्हणाले, "इथे उभं राहिलं की समोर काय दिसतं? दरी दिसते की खालच्या खोलीचं छप्पर?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते राजारामपुरीतल्या टेबलावर होते. थ्रीडी मॉडेलमध्ये कॅमेरा त्या जागी उभा केला असता तर अर्ध्या मिनिटात आम्हा दोघांनाही दिसले असते. मी शब्दांनी सांगत राहिले, हातांनी उतार दाखवत राहिले. सर शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "पुढच्या वेळी घेऊन ये, बघू." पुढच्या वेळी मी प्रिंट नेल्या, पण तोपर्यंत त्यांच्या मनातून तो चौक निघून गेला होता आणि माझ्याही मनात तो तितका जिवंत राहिला नव्हता. त्या चौकातून छप्परच दिसत होते, दरी दिसत नव्हती. हे मला त्याच दिवशी, त्याच क्षणी, सरांच्या शेजारी उभे राहून दिसले असते तर मी तिथल्या तिथे खालची खोली अर्धा मीटर खाली सरकवून पाहिली असती.

आता मी टेबलाच्या पलीकडल्या बाजूला असते, आणि दर आठवड्याला हे पाहते. स्टुडिओत एखादी मुलगी लॅपटॉप उघडून मॉडेल फिरवते, मी म्हणते हा स्तंभ काढून बघ, ती काढते, आणि आम्ही दोघी एकाच वेळी म्हणतो, "नको, होता तोच बरा." ही अर्ध्या मिनिटाची घटना आहे, पण वास्तुरचना शिकवता येते ती अशाच अर्ध्या-अर्ध्या मिनिटांनी. मुलाने घरी बसून शेवटपर्यंत नेलेले काम माझ्यापुढे आले तर त्यावर मी फक्त मत देऊ शकते. अर्धवट, चुकलेले, अजून मऊ असलेले काम समोर आले तरच त्याला हात लावता येतो.

दुसरी आठवण २०२० सालच्या मार्चची. टाळेबंदी लागणार अशी कुणकुण लागताच महाविद्यालयाने मुलांना घरी पाठवले. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असे सगळेच धरून चालले होते. उदगीरकडचा एक विद्यार्थी दोन जोडी कपडे पिशवीत टाकून गेला. त्याच्याकडे वर्गातला सर्वांत ताकदीचा डेस्कटॉप होता, घरच्यांनी दीड वर्ष पैसे साठवून घेतलेला, आणि तो पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत कुलपात राहिला. पुढचे कित्येक महिने हा मुलगा मोबाइलवरून वर्गाला बसला. चौथ्या वर्षाचा त्याचा प्रकल्प त्याच डेस्कटॉपच्या पोटात अडकला होता. त्याने घरच्या ओसरीवर पाट मांडला, गावातल्या दुकानातून ड्रॉइंगचे कागद आणले आणि सगळे नकाशे आठवून-आठवून पुन्हा हाताने काढले. दर सोमवारी त्याचे फोटो यायचे. कागदावर खिडकीच्या गजांची सावली पडलेली असायची, त्यामुळे भिंत कुठली आणि सावली कुठली हे मला त्याला विचारावे लागे. काम चांगले होते. पण तो तक्रारीचा एक शब्दही न बोलता ते करत होता याचेच मला जास्त वाईट वाटायचे. त्याच वेळी ज्यांच्याकडे लॅपटॉप होते त्यांचेही सगळे आलबेल होते असे नाही. एका मुलीच्या लॅपटॉपवर सकाळी धाकट्या भावाची शाळा भरायची, म्हणून ती रात्री अकरानंतर कामाला बसायची. पण तिचे काम तिच्या घरात, तिच्याजवळ होते.

या दोन आठवणींनी माझे मत ठरले. दाजींना ते पटवून देणे मात्र बाकी होते, कारण दुकानात चौकशी करून ते तयारीत बसले होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो. हे खरे आहे, आणि ते का खरे आहे हे मी त्यांना त्यांच्याच विहिरीवरच्या मोटारीवरून सांगितले. पाच अश्वशक्तीची मोटार बसवली म्हणजे पाच अश्वशक्तीचे पाणी येतेच असे नाही. व्होल्टेज पडलेले असले की तीच मोटार घरघरते, तापते आणि पाणी निम्म्यावर येते. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचेही असेच आहे. आरटीएक्स ४०६० या नावाचे कार्ड डेस्कटॉपमध्ये ११५ वॅटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपमध्ये त्याच नावाच्या कार्डाला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. सडपातळ लॅपटॉपमध्ये ती कमीच दिली जाते, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसते. आरटीएक्स ४०७० चे तर डेस्कटॉप कार्ड १२ जीबी मेमरीचे आणि लॅपटॉपचे ८ जीबीचे असते. बाहेरच्या चिकटपट्टीवर नाव मात्र एकच. दुकानात पाच मिनिटे चालवून पाहिले तर फरक जाणवत नाही; रेंडर लावून वीस मिनिटे झाली, पंखे पूर्ण वेगाने ओरडू लागले आणि यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवला, की मग तो कळतो.

"मग मोठाच घ्यायचा म्हणा की," दाजी म्हणाले.

मी त्यांना विचारले, मोटार वर्षातून किती दिवस पूर्ण दाबाने लागते? रेंडरचे काम तसेच हंगामी आहे. ए-वन आकाराच्या शीटवर दीडशे डीपीआयने, म्हणजे इंचाला दीडशे ठिपके धरून, एक दृश्य छापायचे तर ३५०८ गुणिले ४९६७ म्हणजे जवळजवळ पावणेदोन कोटी ठिपके मोजून काढावे लागतात. साध्या फुल एचडी पडद्यावर तेच ठिपके साडेवीस लाखांच्या आसपास असतात. म्हणजे पडद्यावर पाहायच्या चित्राच्या आठपटींहून अधिक काम, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड कुठून आला, कशावर आपटून आला याचा हिशेब. इथे डेस्कटॉपला पर्याय नाही. पण हे काम सत्राच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते. उरलेले चार-साडेचार महिने मुले रेषा मारतात, भिंती उभ्या करतात, मापे घालतात, मोडतात, पुन्हा घालतात. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट यांतले हे रोजचे काम प्रोसेसरचा एकच गाभा, म्हणजे कोर, किती वेगाने चालतो आणि रॅम किती आहे यांवर मुख्यतः अवलंबून असते, आणि ते आजचा मध्यम किमतीचा लॅपटॉपही निभावतो. बारा महिने वापरायची गोष्ट तीन आठवड्यांच्या गरजेवरून निवडू नये, हे त्यांना लगेच पटले. शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागत नाही.

मॅकबुकचा विषय मी एका वाक्यात संपवला. यंत्र उत्तम असते, पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन ही तिन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहेत, आणि आर्किटेक्चरच्या मुलांना त्यांच्यावाचून फार काळ राहता येत नाही. ग्राफिक किंवा उत्पादन डिझाइन शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ॲनिमेशन शिकणाऱ्यांची आणखी वेगळी, आणि महाविद्यालयाच्या हाकेच्या अंतरावर घर असणाऱ्यांचीही वेगळी. त्यांनी डेस्कटॉप घेतला तर मी अडवणार नाही.

लॅपटॉपचा जो दोष मला सर्वांत जास्त डाचतो तो वेगाचा नाही. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बांधलेले असतात, हा तो दोष आहे. हात सुखात ठेवावेत तर मान खाली जाते, मान सरळ ठेवावी तर हात वर टांगले जातात. वयाच्या विसाव्या वर्षी मानेला पट्टा लावून आलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. शिवाय १५.६ इंची पडद्यावर पूर्ण मजल्याचा नकाशा पाहायचा तर खोल्यांची नावे वाचता येत नाहीत, आणि नावे वाचण्याइतके जवळ गेले की घर दिसत नाही. मुले अशा वेळी एकेका खोलीचा विचार करू लागतात आणि घर हातचे सुटते. त्यांचे नकाशे पाहताना मला हे कळते: प्रत्येक खोली नीट असते, पण दोन खोल्यांमधली वाट अडखळत जाते. २४ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ त्या पडद्याच्या जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश पट भरते. म्हणून लॅपटॉपवर कमी खर्च करा आणि उरलेल्या पैशात चांगला मॉनिटर घ्या, हे मी आता प्रत्येकालाच सांगते.

चांगला म्हणजे रंग खरे दाखवणारा. मागे एका विद्यार्थ्याने रत्नागिरीजवळच्या जागेसाठी जांभ्याच्या भिंतींचे घर केले होते. जांभा हा दगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा रंग शब्दांत सांगणे किती कठीण ते माहीत असेल: ताजा कापलेला चिरा विटकरी-नारिंगी, भोकाभोकांतून पिवळट माती दिसणारी, आणि दोन पावसाळे गेले की काळसर मखमली. त्या मुलाने पंधरा दिवस खपून तो रंग आपल्या लॅपटॉपवर जमवला होता. स्वस्त लॅपटॉपांना असतो तसा तो फिकट पडदा होता. असे पडदे रंगांच्या नेहमीच्या पट्ट्यातले निम्म्याहून थोडे अधिकच रंग दाखवतात. पडदा फिका, म्हणून मुलाने रंग गडद करत नेला. ज्युरीच्या सकाळी प्रिंट हातात आल्या तेव्हा भिंती रक्तासारख्या लाल झाल्या होत्या. तो ज्युरीच्या दारात त्या शीट धरून उभा होता आणि पुन्हा-पुन्हा लॅपटॉप उघडून दाखवत होता, "मॅडम, हे बघा ना, इथे बरोबर आहे." बरोबर होते. त्याच्या पडद्यापुरते ते बरोबरच होते.

एवढा सगळा विचार झाल्यावर मी दाजींना जो निरोप दिला तो त्यांना अपेक्षित नव्हता. मी म्हटले, लॅपटॉपच घ्या, पण आता घेऊ नका. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षात बहुतेक ठिकाणी हातानेच काढायचे असते. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, पेन्सिलींची टोके, गेटवे म्हणजे अर्धपारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईने ओढलेल्या रेषा. एक मीटर म्हणजे केवढे, हे बोटांना कळेपर्यंत कॉम्प्युटर हातात येऊ नये असे मलाही मनापासून वाटते, कारण पडद्यावर दाराची जाडी आणि डोंगराची उंची एकाच बोटाने लहान-मोठी होते आणि मापाची जाण पक्की होत नाही. आणि व्यवहाराने पाहिले तरी, पहिल्या वर्षी घेतलेले यंत्र खरे जड काम सुरू होईपर्यंत दोन-तीन वर्षे जुने झालेले असते. पैसे बँकेत ठेवा, दुसऱ्या वर्षी बघू.

ताईला हे आवडले नाही. फोन तिच्या हातात गेला. "बाकीच्या पोरींकडे असणार. हिच्याकडे नसेल तर पोर बावरून जाईल. गावाकडनं आलीय म्हणून मागं पडली, असं व्हायला नको." या बोलण्यात तथ्य होते आणि माझ्यापाशी त्यावर तयार उत्तर नव्हते. कोल्हापुरात पहिल्या वर्षी मला स्वतःला असेच वाटलेले होते. निकाल भाचीनेच लावला. ती म्हणाली, "मावशी, पहिलं वर्ष मी हाताने काढते. लागलंच तर कॉलेजची लॅब आहे." आणि तिने ते वर्ष खरोखर तसे काढले, तिच्या रेषेत आज जो ठामपणा आहे तो त्याच वर्षाचा आहे, असे मी तिची मावशी म्हणून नाही, शिक्षिका म्हणून म्हणते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोघी पुण्यात खरेदीला गेलो. दुकानातला मुलगा पडद्यावर रंगीबेरंगी मासे पोहतानाचा व्हिडिओ लावून दाखवत होता. भाचीने तो बंद करायला सांगितला आणि पांढरा कागद पडद्यावर उघडून चारही कोपऱ्यांकडे तिरके होऊन पाहिले. मग विचारले, "रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे का? दुसरी पट्टी लावायला जागा आहे का?" ज्या दोन लॅपटॉपांना ती जागा नव्हती ते तिने बाजूला सारले. मी तिला एवढेच सुचवले की वजन कागदावर वाचू नकोस. तिने मग लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा ॲडॉप्टर आपल्या सॅकमध्ये घातला, खांद्यावर शीटची नळी अडकवली, जिना उतरून रस्त्यावर गेली, दुकानाचा मुलगा काळजीने तिच्यामागोमाग, आणि चौकापर्यंत चालून परत आली. "हे रोज जमेल," ती म्हणाली. लॅपटॉपचे ७२ हजार झाले, २४ इंची आयपीएस, म्हणजे रंग खरे दाखवणाऱ्या जातीच्या, मॉनिटरचे साडेदहा, चाकाचा साधा वायरवाला माउस आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मिळून साडेपाच. माउसचे चाक दाबून नकाशा सरकवता येतो आणि दोनदा दाबले की सगळा नकाशा पडद्यावर मावतो. ज्याला रोज सहा तास रेषा मारायच्या आहेत त्याने टचपॅडवर ते करू नये. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना दर वर्षी नूतनीकरण करून फुकट वापरता येतात, त्यामुळे तो खर्च नव्हता. १२ हजार उरले. दाजी म्हणाले, राहू देत तिच्याच नावावर.

ते १२ हजार यंदा, तिसऱ्या वर्षात, कामाला आले. माझ्या ऑफिसातला सहा वर्षे वापरलेला असेंबल्ड डेस्कटॉप मी बदलणार होते. तो तिला दिला. उरलेल्या पैशांत दाजींनी आणखी सहा हजार घातले आणि १२ जीबीचे एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड, जरा जास्त वॅटचा एसएमपीएस आणि नवा यूपीएस असे जमवले. एका रविवारी आम्ही दोघी माझ्या जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून बसलो. बाजूचे दोन स्क्रू मी काढले, पुढचे तिने केले. ब्रशने धूळ झाडली, पंख्याची पाती कापडाने एकेक पुसली, कार्ड खाचेत बसवले. "दाबू का अजून?" तिने विचारले. मी म्हटले, आवाज येईपर्यंत दाब. आवाज आला.

डेस्कटॉप आता माझ्याच घरी, मागच्या खोलीत आहे, कारण तिच्या वसतिगृहात त्याला जागा नाही. गेल्या आठवड्यात तिची ज्युरी होती. आदल्या रात्री ती आली, हार्ड डिस्क जोडली, पाच दृश्यांचे रेंडर एकामागून एक लावून ठेवले आणि मॉनिटर बंद केला. यूपीएसचा हिरवा दिवा लागला आहे ना, हे मी दोनदा पाहिले. जेवताना तिने लॅपटॉप उघडून मला मॉडेल दाखवले. वाईच्या घाटाजवळची जागा आहे, नदीकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि वरच्या बाजूला एक ओसरी. मी ओसरीवर बोट ठेवले. इथे बसले की नदी दिसते का, असे मी विचारायच्या आतच तिने कॅमेरा तिथे नेऊन बसवला. नदी दिसत नव्हती, कठडा आड येत होता. आम्ही दोघींनी ताट बाजूला सारले. तिने कठडा आधी जाळीचा केला, मग काढूनच टाकला, मग बसण्याच्या उंचीचा दगडी कट्टा घातला, आणि पाणी दिसले.

"आता ते आतलं रेंडर थांबवून पुन्हा लावायला लागणार," ती म्हणाली, आणि उठून मागच्या खोलीत गेली.